साडेतीन चित्रपट

अबू धाबीतल्या आमच्या घरी महिन्यातून एखाद्या शनिवारी सात-आठ मराठी माणसं जेवायला जमतात. जेवणं उरकली, मुलं आतल्या खोलीत गेली, की एक खेळ निघतो. प्रत्येकाने आपले आवडते साडेतीन चित्रपट सांगायचे. तीन पूर्ण आणि एक अर्धा. पूर्ण म्हणजे ज्यांची बाजू तुम्ही चारचौघांत ताठ मानेने घेऊ शकता असे. अर्धा म्हणजे जो मनापासून आवडतो, पण तसं कबूल करताना जरा इकडेतिकडे बघावं लागतं असा. पहिले तीन कोणी फारसं लक्ष देऊन ऐकत नाही, कारण ते बहुतेकांचे सारखेच असतात. अर्ध्याची पाळी आली की मात्र सगळे सरसावून बसतात.

तुम्ही एडिसनला असा, मेलबर्नला असा किंवा मस्कतला, हा खेळ कुठल्या ना कुठल्या रूपात तुम्ही खेळलेला असणार. याद्यांचं वेड सिनेमावाल्यांइतकं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. क्रिकेटवाल्यांचं सोडा, त्यांना आकडे आयते मिळतात. सिनेमावाल्याला आकडा पदरचा घालावा लागतो, आणि तो घातल्यावर त्याच्यासाठी भांडावंही लागतं. हे वेड नेमकं कशाचं, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला तो एका वहीमुळे. वहीकडे येतेच, पण आधी थोडं मागे जाऊ.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. पुण्यात पेशवे दफ्तरातले मोडी कागद वाचून पीएचडी केली, आणि सध्या इथल्या एका विद्यापीठात कोकण आणि आखात यांच्यातल्या जुन्या व्यापारावर पोस्टडॉक करते आहे. त्यामुळे आयुष्याची बरीच वर्षं याद्या वाचण्यात गेली आहेत. दफ्तरात ‘याद’ किंवा ‘यादी’ हा कागदाचा एक प्रकारच असतो, लक्षात ठेवायच्या बाबींचं टिपण. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या कागदांचा एक खंड तर ‘कैफियती, यादी वगैरे’ याच नावाने निघाला. शब्द फारसी. याद म्हणजे आठवण. म्हणजे यादी मुळात क्रम लावण्यासाठी नव्हतीच, विसरू नये म्हणून होती. इथे आल्यावर हॉटेलातल्या मेन्यूकार्डावर यादीसाठीचा अरबी शब्द भेटला, ‘काइमा’. त्याचं मूळ उभं राहण्याच्या धातूत आहे आणि आपला ‘कायम’ त्याच घरातला. एका भाषेत यादी आठवते, दुसरीत उभी राहते. आमच्या खेळात दोन्ही होतं.

आता ते साडेतीन. ते कुठून आलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. दुसरीकडची माणसं दहाची यादी करतात, शंभराची करतात, आपण साडेतीनवर थांबतो. काटकसर म्हणा हवं तर. शहाण्यांची यादी मला फार आवडते. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि अर्धे कोण, तर नाना फडणवीस. म्हणजे चौघांपैकी ज्याचं नाव आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, तोच अर्धा! कारण सांगतात ते असं, की नानांची लेखणी चालायची, तलवार नाही. विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला आणि पूर्ण राहिला. नाना पुढे कित्येक वर्षं राज्य सांभाळत राहिले तरी अर्धेच. मुहूर्तांतला अर्धा कोणता यावर तर अजून एकमत नाही, कोणी दिवाळीचा पाडवा म्हणतं, कोणी अक्षय तृतीया. सांगायचा मुद्दा हा, की ज्याने कोणी ही यादी प्रथम केली त्याने तिच्यात वाद आधीच पेरून ठेवला. तीनच शहाणे असते तर दोन-अडीचशे वर्षं कोणी त्यांच्याविषयी बोललं नसतं.

आवडत्या चित्रपटांच्या यादीचं वय त्यामानाने लहान. तिची जन्मतारीख काढायची झालीच तर मी १९५२ साल सांगेन, आणि त्या वर्षाचं एक टोक मुंबईत आहे.

त्या वर्षीच्या २४ जानेवारीला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. तिथे दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला. आपल्याकडच्या दिग्दर्शकांवर त्याचा काय परिणाम झाला हे पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मध्ये दिसलं. त्याच १९५२ मध्ये लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ या मासिकाने समीक्षकांना पत्रं धाडली की तुमचे सर्वोत्तम दहा चित्रपट कळवा. ६३ जणांनी कळवले. पहिला आला ‘बायसिकल थीव्ह्ज’, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. पुढे दर दहा वर्षांनी ही मतं मागवायचा प्रघात पडला. दहा वर्षांत दे सिका खाली घसरला आणि ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ जो वर जाऊन बसला तो २०१२ पर्यंत उठला नाही. २०१२ मध्ये ८४६ जणांनी हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ला वर नेलं, २०२२ मध्ये १,६३९ जणांनी शांताल आकरमनच्या ‘जान डीलमन’ला. बटाटे सोलणाऱ्या एका बाईवरचा तीन तासांहून लांब चित्रपट पहिला कसा येतो, म्हणून तेव्हा किती माणसांचा रक्तदाब वाढला होता ते आठवत असेल. मला त्या भांडणाची मजा वाटली. घरात मांजर आणायचं की नाही यावर भांडणाऱ्या घरांत खरी चर्चा मांजराची नसते, तसंच ते होतं.

पण १९५२ चं दुसरं टोक मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे समीक्षक कोणी नव्हतेच. त्या साली पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम होतं आणि चित्रपटगीतांवर राग. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं आटत गेली आणि ऐकणारे सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ती सादर करणारे अमीन सयानी तेव्हा विशीतही पोचले नव्हते. सुरुवातीला क्रमवारी अशी नव्हतीच. सात गाणी वाजायची आणि त्यांचा क्रम श्रोत्याने लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. सयानींनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि बघता बघता आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली. एवढी पत्रं तपासायची कोणी? म्हणून ते क्रम लावण्याचं काम पुढे कार्यक्रमानेच अंगावर घेतलं. १९५३ च्या सालअखेर यादीत पहिलं आलं ते ‘अनारकली’तलं लताबाईंचं गाणं, संगीत सी. रामचंद्रांचं. म्हणजे एका मराठी मंत्र्याने गाणी बंद केली, आणि त्यामुळे जन्मलेल्या यादीत एका मराठी संगीतकाराचं, मराठी बाईने गायलेलं गाणं पहिल्या पायदानावर. केसकरांना हे कोणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

पायदान हा शब्द सयानींचाच. बुधवारी रात्री आठला आपलं गाणं कितव्या पायदानावर आहे यासाठी माणसं रेडिओला कान लावून बसत. गावोगावी श्रोता संघ निघाले. झुमरी तलैया हे गाव अर्ध्या भारताला ठाऊक झालं ते केवळ फर्माइशींमुळे. माझी आई सांगते, त्या फर्माइशी कार्यक्रमांत गाण्याइतकीच ऐकण्यासारखी गोष्ट असायची ती गाण्याआधीची नावं. कुठल्या गावच्या कुणाकुणाने हे गाणं मागितलं. गाणं सगळ्यांचंच होतं, नाव एकाचं. यादीची ही बाजू आपण विसरतो. वरवर ती चित्रपटांची किंवा गाण्यांची असते, पण तिच्या खाली सही असते, आणि करणाऱ्याचा जीव त्या सहीत असतो.

याच सुमाराची दुसरी एक जात आहे, तिच्याविषयी मला फार आदर आहे. क्रम लावणारी नव्हे, मोजणारी माणसं. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ करायला घेतला, एकेका दशकातल्या प्रत्येक चित्रपटाचं प्रत्येक गाणं. फिरोज रंगूनवालांची भारतीय चित्रपटसूची १९७० मध्ये आली. पुण्याचे बी. व्ही. धारप वर्षावर्षांच्या चित्रपटांच्या जंत्र्या काढत. मुंबईच्या विश्वास नेरूरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. गिनीज बुकाने १९७४ च्या आवृत्तीत लताबाईंची पंचवीस हजार गाणी नोंदवली होती, रफीसाहेबांनी त्याला हरकत घेतली आणि आपला आकडा त्याहून मोठा सांगितला. या मोजणाऱ्यांनी एकेक तबकडी पडताळली तेव्हा खरा आकडा त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास निघाला, दोघांच्याही बाबतीत. त्यामुळे कोणाची थोरवी कमी झाली नाही. मात्र मंडळाच्या समारंभात अजूनही सूत्रसंचालक पंचवीस हजार म्हणतो, आणि टाळ्या पडतात.

इतकं मोजायची गरज का पडली? इथे सिनेमाचं दुखणं वेगळं आहे. पुस्तकप्रेमीचं कपाट असतं, संगीतवेड्याकडे तबकड्या असतात. सिनेमावाल्याकडे, व्हिडिओ येईपर्यंत, काय होतं? तिकिटाचं अर्धुक. चित्रपट बघितला, दिवे लागले, संपलं. तो पुन्हा कधी दिसेल सांगता येत नसे, दिसेलच याचीही खात्री नसे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, त्याची प्रत आज कुठेही नाही. हजारांहून जास्त मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच उरले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं तोवर खूप काही जळून, विरघळून, चांदीसाठी विकलं जाऊन गेलं होतं. ते संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते पी. के. नायर लहानपणी सिनेमाची तिकिटं जपून ठेवायचे. पुढे कुठल्या चित्रपटाच्या कितव्या रिळात कोणता प्रसंग आहे हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांच्यासारख्या माणसाला यादी हा छंद नव्हता. ज्याला कपाट नाही त्याचं ते कपाट होतं.

आणि आता वही.

मामा १९७९ मध्ये शारजाला आला. एका वर्कशॉपमध्ये भांडारात कारकून होता, १९९८ मध्ये परत साताऱ्याला गेला. ही एकोणीस वर्षं तो एकटाच इथे राहिला. कुटुंब आणायला पगाराची अट होती, त्या अटीत तो कधी बसला नाही. दोन वर्षांनी एकदा रजा. मामा गेला त्यानंतर मामीने मला एक लांबट, हिशेबाची वही दिली. म्हणाली, “तू तिकडेच आहेस, तुला यातलं काही कळेल.” वहीत चित्रपट होते. अनुक्रमांक, तारीख, चित्रपट, कुठे, कोणाबरोबर, शेरा. एकूण ८१२ नोंदी. दरवर्षीच्या शेवटच्या पानावर ‘सालअखेर पाच’.

मी ती वही जशी दफ्तरातली रोजकीर्द वाचते तशी वाचली. ‘कुठे’च्या रकान्यात आधी ‘थेटर’ येतं, १९८२ नंतर ‘रूम’ वाढत जातं. म्हणजे खोलीत भाड्याचा व्हीसीआर आला. वार बहुतेक शुक्रवार, कारण सुट्टी तेव्हा शुक्रवारची असे. (शनिवार-रविवार झाली ती २०२२ मध्ये, म्हणून आमची जेवणं शनिवारी.) सगळ्यांत दाट नोंदी ऑगस्ट १९९० ते मार्च १९९१ मधल्या. कुवेतवर इराकचं आक्रमण झालेलं, पुढे काय होणार कोणाला माहीत नव्हतं, माणसं खोलीत बसून एकापाठोपाठ एक कॅसेट लावत होती. ‘कोणाबरोबर’च्या रकान्यात नावं. एक नाव सलग अकरा वर्षं दिसतं, मग एकदम थांबतं, आणि त्या आठवड्यात शेऱ्याच्या जागी फक्त ‘गेला’ एवढंच. गावाला गेला की जगातून गेला, वही सांगत नाही. शेरे एकेका शब्दाचे. ‘बरा’. ‘उत्तम’. ‘पैसे फुकट’. ‘शोले’ला नुसता ‘पुन्हा’.

शारजाचा आणि सिनेमाचा संबंध तसा जुना. १९३२ मध्ये इंपीरियल एअरवेजच्या विमानांसाठी तिथे तळ बांधला गेला, त्या ‘महत्ता’मध्ये १९४५ मध्ये चित्रपटगृह सुरू झालं. आज तिथे संग्रहालय आहे. मामाने ते पाहिलं होतं का, वहीत नाही. त्याच्या याद्यांत जागेला किंमत होती ती एवढीच, की थेटर का रूम.

याच देशात आणखी एक यादी झाली, आणि ती वाचताना मला मामाची वही सारखी आठवत होती. दुबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये दहावं वर्ष भरलं तेव्हा त्यांनी अरब जगातले समीक्षक, लेखक, प्राध्यापक अशा ४७५ जणांची मतं घेऊन सर्वश्रेष्ठ शंभर अरब चित्रपट निवडले. त्याचं पुस्तकही काढलं. पहिला आला शादी अब्देल सलाम या इजिप्शियन दिग्दर्शकाचा १९६९ चा ‘अल मूमिया’. दुसरा यूसुफ शाहीनचा ‘बाब अल हदीद’, १९५८. तिसरा अल्जीरियाचा, लखदर-हमीनाचा, ज्याला १९७५ मध्ये कानला सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. ज्या शहराला स्वतःची जुनी चित्रपटसृष्टी नाही, त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भूतकाळाची यादी करावी हे मला आधी जरा आगाऊपणाचं वाटलं. मग वाटलं, यजमानच करू शकतो हे काम. कैरोने केली असती तर बैरूतने मानली नसती.

‘अल मूमिया’ तुम्ही पाहिला नसेल तर अवश्य पाहा. २००९ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीच्या संस्थेने त्याची प्रत नव्याने करून घेतली आहे. गोष्ट १८८१ ची, खरी घडलेली. लक्झरजवळच्या डोंगरात लपवलेल्या राजांच्या ममी एका टोळीला ठाऊक असतात आणि ती टोळी पिढ्यान् पिढ्या त्यातले दागिने विकून जगत असते. पहिल्या प्रसंगात कैरोत विद्वान जमलेले आहेत आणि एक जुना मजकूर वाचला जातो आहे, मेलेल्याचं नाव हरवलं तर त्याचा आत्मा भटकत राहतो, त्याला त्याचं नाव परत मिळालं पाहिजे, अशा आशयाचा. शादी अब्देल सलामने आयुष्यात हा एकच पूर्ण लांबीचा कथापट केला. इजिप्तमध्ये नावांच्या याद्यांचा इतिहास तसा जुनाच. अबायडोसच्या देवळाच्या भिंतीवर ७६ राजांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत हातशेप्सुत नाही, आखेनातेन नाही. कोणाला वगळायचं ते तेव्हाही ठरवूनच केलेलं होतं.

‘बाब अल हदीद’ची कथा याहून बोलकी. शाहीनने स्वतः लंगड्या पेपरवाल्याची भूमिका केली. प्रेक्षक भडकले, चित्रपट पडला, वर्षानुवर्षं बाजूला राहिला. पंचावन्न वर्षांनी यादीत दुसरा. मी हे माझ्या विभागातल्या एका इजिप्शियन सहकाऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “माझ्या वडिलांनी ‘अल मूमिया’ कधीच पूर्ण पाहिला नाही. पण इस्माईल यासीन टीव्हीवर लागला की घरात कोणी बोलायचं नाही.” इस्माईल यासीन म्हणजे पन्नाशीच्या दशकातला मोठ्या तोंडाचा विनोदी नट, सैन्यात, नौदलात, पोलिसात भरती होत राहणारा. मी त्याला आमच्या साडेतीनचा नियम समजावून सांगितला. त्याने क्षणभरही विचार केला नाही. अर्धा इस्माईल यासीनला.

तो दुबईचा महोत्सव २०१७ नंतर भरला नाही. अबू धाबीचा त्याआधीच बंद पडलेला. यादी मात्र आहे.

आपण मराठी माणसं परक्यांनी केलेल्या यादीत आपलं नाव आहे का ते आधी बघतो. २०२२ मध्ये समीक्षकांच्या ‘फिप्रेस्की’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने तीस सभासदांच्या गुप्त मतदानाने दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले. ‘पथेर पांचाली’ पहिला. बंगाली तीन, हिंदी-उर्दू पाच, एक मल्याळम, एक कन्नड. मराठी शून्य. त्या आठवड्यात आमच्या जेवणाला जी चर्चा झाली ती इथे देण्यासारखी नाही. शेवटी कोणीतरी नेहमीचं ब्रह्मास्त्र काढलं, १९३७ मध्ये व्हेनिसला ‘संत तुकाराम’ जगातल्या पहिल्या तीन चित्रपटांत निवडला गेला होता.

हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकत आले. इतिहासकार म्हणून एक प्रश्न मला नंतर पडला. उरलेले दोन कोणते? नावं सांगितली जातात ती हंगेरीचा ‘मारिया नोव्हेर’ आणि ऑस्ट्रेलियाचा ‘फ्लाइंग डॉक्टर’. यांतला एक तरी पाहिलेला माणूस मला भेटायचा आहे. आणि त्याच वर्षी व्हेनिसला रेनवारचा ‘द ग्रँड इल्यूजन’ होता, परदेशी चित्रपटाचं मुख्य पारितोषिक फ्रान्सच्याच दुसऱ्या एका चित्रपटाला गेलं, ज्या करंडकाला तेव्हा मुसोलिनीचं नाव होतं. म्हणजे आपल्या तुकोबांना मिळाली ती शाबासकी होती, खरी होती, पण ‘जगातले पहिले तीन’ हा हिशेब आपण घरी येऊन वाढवलेला दिसतो. ते शाबासकीचं मूळ पत्रकही मधली बरीच वर्षं बेपत्ता होतं. एका मल्याळी छायालेखकाने, सनी जोसेफ यांनी, ते जपून ठेवलं आणि २००४ मध्ये पुण्याच्या संग्रहालयाला दिलं. दामले-फत्तेलालांच्या चित्रपटाला या तीनच्या टेकूची गरज आहे असं मला वाटत नाही. मुंबईत तो एका थेटरात वर्षाहून जास्त चालला, विष्णुपंत पागनीसांना माणसं रस्त्यात नमस्कार करत. पण हे मी त्या जेवणात बोलले तेव्हा पोळ्या वाढायच्या थांबल्या होत्या एवढं सांगते.

माझे स्वतःचे पूर्ण तीन असे: ‘संत तुकाराम’, ‘सामना’ आणि ‘कोर्ट’. बघा, किती व्यवस्थित आहेत. तीन काळ, तीनही परदेशी महोत्सवांत गेलेले. कोणीही बोट ठेवू शकणार नाही. ही यादी मी आवडीने केली की भीतीने, हे मला वही वाचल्यावर विचारावंसं वाटलं.

कारण वहीत १९९२ च्या सालअखेर पाचांत पहिला आहे ‘माहेरची साडी’.

आमच्यासारख्यांनी हा चित्रपट न पाहताच त्याची चेष्टा करायला शिकलेलं असतं. विजय कोंडके यांचा, १९९१ चा, एका राजस्थानी चित्रपटावरून केलेला, अलका कुबल सोसत राहते आणि थेटरात बायका हुंदके देतात. मामाची नोंद अशी: ‘रूम. आठ जण.’ आणि शेऱ्याच्या अरुंद रकान्यात, आधीच्या सहाशे नोंदींत कुठे नाही इतकं लांब, दोन ओळींत दाटून बसवलेलं: ‘सगळे रडले. नंतर कोणी कोणाशी बोललं नाही. दिवा लावला नाही.’ आठ पुरुष, एका खोलीत, बहुतेकांच्या घरी लग्नाची बहीण किंवा मुलगी, काहींची लग्नं ज्यांना जाता आलं नाही अशी. १९९३ च्या पाचांतही तो पहिला आहे, जरी त्या वर्षी पुन्हा पाहिल्याची नोंद नाही. त्याच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे हे चूक होतं. यादी त्या वर्षी पाहिलेल्यांचीच असायची.

मी मामीला फोन करून हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी इकडे शेजारणींबरोबर बघितला होता, त्याला पत्रात लिहिलं. त्याने उलट काय लिहिलं माहितेय? फालतू सिनेमा आहे, पैसे घालवू नकोस.” पत्र तिच्याकडे आहे. तारीख तिने वाचून सांगितली. वहीतल्या नोंदीनंतर नऊ दिवसांनी लिहिलेलं.

एकाच माणसाचे एकाच चित्रपटाविषयीचे हे दोन कागद. दफ्तरात असे परस्परविरोधी कागद आले की कुठला खरा धरायचा याचे आमच्या शास्त्रात नियम आहेत. खाजगी टिपण सहसा सरकारी पत्राहून विश्वासार्ह मानतात, कारण ते कोणाला दाखवायचं नसतं. पण पत्र बायकोला होतं. ते तर त्याहून खाजगी. मामीने विचारलं, “मग खरं काय गं?” मी म्हटलं, दोन्ही ठेव.

गेल्या महिन्यात आमच्याकडे खेळ निघाला तेव्हा मी माझे नेहमीचे तीन सांगितले, आणि अर्ध्याच्या जागी ‘माहेरची साडी’ म्हटलं. हशा झाला. मग मी वहीचं ते पान फोनवर दाखवलं. फोन हातोहात फिरला. आमच्यातले एक गृहस्थ, इथे पंचवीस वर्षं झालेले, बांधकामात साइट इंजिनिअर, त्यांनी तो जरा जास्त वेळ हातात ठेवला आणि परत देताना म्हणाले, “आमच्या रूमवर ‘बागबान’ होता.” बस, एवढंच. तोपर्यंत त्यांच्या साडेतीनांत कुरोसावा असायचा, राय असायचे.

पुढची पाळी माझ्या नवऱ्याची होती. त्याने अर्ध्यापासून सुरुवात केली.